एका झग्याचे मोल

लंडनच्या सदबी या लिलावगृहात ६ सप्टेंबर २०२३ रोजी एक झगा आणि एक मुकुट विकला गेला. झगा तांबड्या मखमलीचा, कडेला पांढरी लव लावलेला. ही लवही खऱ्या प्राण्याची नव्हे, कृत्रिम. आणि मुकुटही राजघराण्यातला नव्हे, रंगमंचासाठी तयार केलेला. आपल्याकडे एखाद्या नाटक मंडळीच्या कपडेपटात राजाच्या भूमिकेसाठी जो ऐवज ठेवलेला असे, त्याच जातीचा हा ऐवज. लिलावगृहाने विक्रीपूर्वी त्याची किंमत ६० ते ८० हजार पौंड येईल असा अंदाज वर्तविला होता. प्रत्यक्षात हातोडा पडला तो ५ लाख पौंडांवर. आणि लिलावगृहाचे शुल्क धरून खरेदीदाराला ६ लाख ३५ हजार पौंड मोजावे लागले. त्या वेळच्या दराने ही रक्कम सुमारे साडेसहा कोटी रुपये होते.

अशा बातमीवर आपल्याकडे शिक्षकांच्या खोलीत किंवा कचेरीत जो शेरा मारला जातो तो ठरलेला आहे: पैसा फार झाला की माणसाला काय सुचेल याचा नेम नाही. शेरा समजण्यासारखा आहे. परंतु तेवढ्यावर थांबलो तर या घटनेतून आपण काहीच शिकणार नाही. एक तर ज्या गायकाचा हा झगा, तो आपल्याला वाटतो तितका परका नाही. आणि दुसरे असे की, या किमतीमागे केवळ श्रीमंतांची लहर नसून पुष्कळ वर्षे चाललेला जतनाचा आणि नोंदीचा एक व्यवहार आहे. तो व्यवहार आपल्याकडे नसल्यामुळे आपल्याच कलावंतांच्या बाबतीत आपण काय गमावीत आहोत, हा या लेखाचा विषय आहे.

पाचगणीचा विद्यार्थी

हा गायक म्हणजे 'क्वीन' या इंग्रज रॉक वाद्यवृंदाचा फ्रेडी मर्क्युरी. त्याचे मूळ नाव फारोख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांजिबारमध्ये, एका पारशी कुटुंबात. वडील तेथील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. सरकारी रोखपालाने आपल्या मुलाला चांगले शिक्षण मिळावे म्हणून दूर बोर्डिंगात ठेवावे, ही गोष्ट आपल्या वाचकांना अपरिचित नाही. फारोखला ठेवण्यात आले ते आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तेथे तो पियानो शिकला, तेथेच त्याने शाळासोबत्यांसह 'हेक्टिक्स' नावाचा पहिला वाद्यवृंद काढला, आणि 'फ्रेडी' हे नावही त्याला तेथेच पडले. झांजिबारमध्ये १९६४ साली क्रांती झाली, तेव्हा बुलसारा कुटुंब इंग्लंडला गेले. पुढचा इतिहास जगाला ठाऊक आहे. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सच्या विकाराने त्याचे निधन झाले.

रॉक संगीताशी नगरसारख्या दुष्काळी जिल्ह्याचा काय संबंध, असे कोणी विचारील तर त्यालाही उत्तर आहे. 'द हू' या वाद्यवृंदाचा पीट टाउनशेंड हा मेहेरबाबांचा अनुयायी. मेहेरबाबांची समाधी नगर-दौंड रस्त्यावरील अरणगावजवळ, मेहेराबाद येथे आहे. टाउनशेंडच्या १९७१ सालच्या एका जगप्रसिद्ध गीताच्या शीर्षकात बाबांचे नाव आहे. तेव्हा हे जग आपल्यापासून फार दूर आहे, असे समजण्याचे कारण नाही.

लिलावात निघालेला झगा फ्रेडीने १९८६ सालच्या दौऱ्यात कार्यक्रमाच्या अखेरीस अंगावर घेतला होता. इंग्लंडच्या राष्ट्रगीताची धून वाजू लागली की तो मुकुट घालून, झगा पाठीवर सोडून रंगमंचावर येई आणि श्रोत्यांचा निरोप घेई. ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे लाखाहून अधिक श्रोत्यांसमोर त्याने असा निरोप घेतला. 'क्वीन'सह त्याचा तो अखेरचा जाहीर कार्यक्रम ठरला. झगा तयार केला डायना मोझली या वेशभूषाकार बाईंनी. फ्रेडीच्या मृत्यूनंतर त्याचे घर व घरातील सर्व वस्तू त्याची निकटची मैत्रीण मेरी ऑस्टिन हिच्याकडे वारसाहक्काने आल्या. तीस वर्षांहून अधिक काळ तिने त्या जशाच्या तशा ठेवल्या आणि २०२३ साली विकावयास काढल्या. सुमारे चौदाशे वस्तूंच्या या लिलावमालिकेतून जवळजवळ ४ कोटी पौंड उभे राहिले. त्यातील काही भाग एड्सविरोधी काम करणाऱ्या दोन संस्थांना देण्याचे ठरले होते.

किंमत कोठून येते?

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आपण शिकवितो की, वस्तूचे उपयोगमूल्य वेगळे आणि विनिमयमूल्य वेगळे. पाण्यावाचून जगता येत नाही, तरी ते स्वस्त. हिऱ्यावाचून काही अडत नाही, तरी तो महाग. ॲडम स्मिथने मांडलेले हे कोडे पुढे सीमान्त उपयोगितेच्या सिद्धान्ताने सुटले. परंतु या झग्याच्या बाबतीत आठवण होते ती डेव्हिड रिकार्डोची. रिकार्डोने १८१७ साली आपल्या ग्रंथाच्या आरंभीच स्पष्ट केले होते की, काही वस्तूंचे मूल्य त्यांना लागलेल्या श्रमावर अवलंबून नसते. दुर्मीळ शिल्पे, चित्रे, ग्रंथ, नाणी यांचा पुरवठा कोणत्याही श्रमाने वाढविता येत नाही. त्यांची किंमत केवळ दुर्मीळतेवर आणि ती घेऊ इच्छिणाऱ्यांच्या संपत्तीवर व आवडीवर ठरते.

मोझलीबाईंनी उद्या तशीच मखमल आणि तशीच लव घेऊन दुसरा झगा शिवला, तर तो दिसायला तंतोतंत सारखा असेल. पण त्याला कोणी साडेसहा कोटी देणार नाही. म्हणजे ही किंमत कापडाची नाही, शिलाईची नाही, सौंदर्याचीही नाही. ती 'हाच तो झगा' या एका वाक्याची आहे. येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली याविषयी काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांच्या आवडत्या व्यक्तीने वापरलेला स्वेटर त्यांना घ्यावासा वाटतो. पण तो निर्जंतुक करून दिला जाईल असे सांगितले की त्यासाठी पैसे मोजण्याची तयारी कमी होते, असे त्यांना आढळले. 'निर्व्हाना' वाद्यवृंदाचा गायक कर्ट कोबेन याने १९९३ साली एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात घातलेला लोकरी स्वेटर २०१५ साली १ लाख ३७ हजार ५०० डॉलरला आणि २०१९ साली ३ लाख ३४ हजार डॉलरला विकला गेला. त्यावर सिगारेटची भोके होती आणि तो धुतलेला नव्हता; विक्री करणाऱ्यांनी ही गोष्ट लपविली तर नाहीच, उलट आवर्जून सांगितली. चार वर्षांत दरसाल सुमारे २५ टक्के चक्रवाढीने वाढलेली ही किंमत पाहिली की, आपल्या मुदत ठेवीचा दर सांगणे नको वाटते.

स्पर्श झालेल्या वस्तूविषयीची ही भावना पाश्चात्यांची खासियत आहे असेही नाही. शिर्डीत साईबाबांची कफनी आणि त्यांच्या वापरातील वस्तू पाहण्यासाठी माणसे रांगेत उभी राहतात. फरक एवढाच की, तेथे ती भावना श्रद्धेच्या रूपाने असते आणि वस्तू विकाऊ नसते; लंडनला त्याच भावनेला बाजार मिळाला आहे.

या बाजाराचे गणितही समजून घेण्याजोगे आहे. चढत्या बोलीच्या लिलावात किंमत ठरविणारा माणूस खरेदीदार नसतो. त्याच्या खालोखाल ज्याला ती वस्तू हवी असते तो ठरवितो. तो थांबला की हातोडा पडतो. म्हणून वेडी हौस असलेली एक व्यक्ती पुरत नाही, निदान दोन लागतात. फ्रेडीचे मिशा विंचरण्याचे चांदीचे चिमुकले फणुले चार-सहाशे पौंडांचे असेल असा अंदाज होता. त्याला शुल्कासह १ लाख ५२ हजार ४०० पौंड आले. त्याच्या पियानोचा अंदाज मात्र २० ते ३० लाख पौंडांचा होता आणि तो सतरा लाख बेचाळीस हजारांवरच राहिला. म्हणजे बाजार सर्वच ठिकाणी बेभान झाला होता असे म्हणता येत नाही. ज्या वाद्यावर जगप्रसिद्ध गीते रचली गेली ते वाद्य अपेक्षेपेक्षा स्वस्त आणि फणी अपेक्षेच्या अडीचशेपट महाग, यात तर्क नाही असे वाटेल. पण पियानो ठेवायला दिवाणखाना लागतो, फणी खिशात मावते. आणि या सर्वांत खात्रीचा लाभ कोणाचा, तर लिलावगृहाचा. एकट्या झग्यामागे खरेदीदाराकडून मिळालेले शुल्क १ लाख ३५ हजार पौंड, म्हणजे सुमारे १ कोटी ४० लाख रुपये होते.

बोहारणीचा हिशेब

आता आपल्या अंगणात येऊ. जुन्या कपड्यांचा बाजार आपल्याकडेही आहे आणि तो सदबीइतकाच चोख आहे. दुपारच्या वेळी दारावर बोहारीण येते. ती लुगडे उलगडून उजेडात धरते, विरलेली जागा नेमकी शोधते, दोन पँटी आणखी मागते आणि स्टीलचे पातेले पुढे सरकवते. घासाघीस होते, व्यवहार मिटतो. जरीचे लुगडे असेल तर गिऱ्हाईक निराळे. खरी जर म्हणजे चांदीची बारीक तार, तीवर सोन्याचा मुलामा. जुना शालू किंवा पैठणी जरवाल्याकडे गेली की तो काठ-पदर जाळून चांदी काढतो आणि वजनावर पैसे देतो. पलीकडच्या तीरावर पैठण आणि उत्तरेला शेजारी येवले असलेल्या आपल्या जिल्ह्यात किती पैठण्या अशा आगीत गेल्या असतील, त्याची गणती नाही.

बोहारीण आणि सदबी दोघीही जुना कपडा विकत घेतात. बोहारीण कापडाचे पैसे देते, जरवाला चांदीचे देतो. नावाचे पैसे दोघेही देत नाहीत. त्यात त्यांची काही चूक नाही. लुगडे कोणी नेसले होते हे त्यांना कोणी सांगत नाही, आणि सांगितले तरी त्याचा पुरावा कोणाजवळ नसतो. झग्याला मोल आले ते फ्रेडी थोर गायक होता म्हणून, हे अर्धेच खरे. तो कधी, कोठे, कोणत्या क्षणी अंगावर घेतला याची छायाचित्रे आहेत, चित्रफिती आहेत. तो कोणी केला हे नावानिशी माहीत आहे. आणि गायकाच्या मृत्यूपासून विक्रीपर्यंत तो कोणाच्या ताब्यात होता याविषयी शंका नाही. वस्तूची ही पूर्वपीठिका अखंड असल्यामुळेच तिचे मोल टिकले. थोर कलावंत आपल्याकडे कमी झाले नाहीत. उणीव आहे ती पूर्वपीठिकेची.

बालगंधर्वांचे उदाहरण घ्या. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या कपडेपटाची कीर्ती त्यांच्या गाण्याखालोखाल होती. भामिनी, रुक्मिणी, सिंधू या भूमिकांत त्यांनी नेसलेले शालू आणि त्यांची नेसण्याची पद्धत पाहून महाराष्ट्रातील घरंदाज स्त्रिया आपली वेशभूषा बदलीत. रंगमंचावर नकली काही चालणार नाही, या हट्टापायी कंपनी कर्जात बुडाली. आणि देणग्या घेऊन कर्ज फेडण्यापेक्षा तोंडाला रंग लावून ते फेडण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. फ्रेडीच्या झग्याची लव कृत्रिम होती. बालगंधर्वांचा शालू अस्सल होता. बाजाराने मोल मात्र कृत्रिम लवेचे केले. पुढे बोलपट आले, १९३२ साली 'अयोध्येचा राजा' पडद्यावर आला, आणि एकेक नाटक मंडळी बसत गेली. मंडळी बसली की पडदे, कपडेपट आणि दागिने देणेकऱ्यांच्या वाट्याला जात किंवा दुसऱ्या मंडळीकडे पडत्या भावात जात. त्या वेळी प्रत्येक शालूबरोबर एक चिठ्ठी जोडावी, असे कोणाच्या मनात आले नाही. १९६८ साली पुण्यात बालगंधर्वांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले. नाव आपण दगडात कोरतो. ज्या वस्तूंनी ते नाव घडविले त्या वाऱ्यावर सोडतो.

तमाशाचा पेटारा

नाटक मंडळींच्या बाबतीत जे झाले ते झाले. तमाशाच्या बाबतीत ते आज आपल्या डोळ्यांदेखत होत आहे, आणि म्हणून हा प्रश्न आपल्या जिल्ह्याचा आहे. नगर जिल्हा, ज्याला २०२४ पासून शासकीय दप्तरात अहिल्यानगर म्हणतात, तो या कलेच्या जुन्या घरांपैकी एक आहे. पेशवाईतील शाहीर अनंत फंदी संगमनेरचा. याच जिल्ह्यातील चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव. त्यांच्या सांगण्यावरून फंदीने तमाशा सोडून कीर्तनाची वाट धरली, अशी आख्यायिका आहे. त्याच संगमनेरात आपल्या काळात कांताबाई सातारकर यांनी आयुष्य काढले. तुकाराम खेडकर यांच्यासह त्यांनी फड गाजविला. खेडकर १९६४ साली गेल्यानंतर फडाचा भार स्वतःच्या खांद्यावर घेतला. आणि तमाशाच्या रंगमंचावर एका स्त्रीने शिवछत्रपतींची भूमिका करून प्रेक्षकांना उभे केले. मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्यांचे निधन झाले. ज्या वेषात एका तमाशा कलावंतिणीने शिवाजीराजा उभा केला, तो वेष महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासाचा दस्तऐवज नव्हे काय? अशा वेषांचे मोल पौंडांत करावे असे कोणी म्हणत नाही. परंतु त्यांची नोंद व्हावी, छायाचित्र निघावे आणि येणाऱ्या पिढीला ते काचेमागे का होईना पाहता यावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

तमाशाचा संसार पेटाऱ्यातला. दसऱ्याला फड बाहेर पडतो, चैत्र-वैशाखात जत्रांचा हंगाम, आणि पावसाळ्यात सर्व घरी परततात. गाडी, कनात, दिवे, कलावंतांना द्यावयाची उचल यांसाठी फडमालक कर्ज काढतो आणि सुपाऱ्यांतून ते फेडण्याची आशा धरतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनामुळे जत्राच भरल्या नाहीत. ज्या घरात कर्जाचे व्याज वाढत होते, त्या घरात जुना कंबरपट्टा, जरीचे लुगडे आणि चाळ यांचे काय होते, हे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने सांगण्याची गरज नाही. अडलेला विक्रेता कधीच मोलाने विकत नाही. तो वजनाने विकतो.

यामागे केवळ गरिबी आहे असे म्हणून हात झटकणे बरोबर नाही. ज्या समाजांनी ही कला पिढ्यानुपिढ्या सांभाळली, त्यांच्याविषयी आपल्या सुशिक्षित वर्गाच्या मनात असलेली अढी हेही एक कारण आहे. लावणीचा ठेका आपल्याला हवा असतो, स्नेहसंमेलनात तिच्यावर नाचही बसविला जातो. पण ती नाचणारीचे घुंगरू कपाटात जपून ठेवण्याजोगे आहेत, हे आपल्याला पटत नाही. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतिपदक मिळाले आणि तरीही अखेरच्या दिवसांत त्यांना पैशाची विवंचना सोसावी लागली. २००२ साली त्या गेल्या, आणि मग शासनाने त्यांच्या नावाचा पुरस्कार ठेवला. कलावंताचे नाव पुरस्काराला देण्यास खर्च येत नाही. कलावंताला जपण्यास येतो.

विश्वास कोणावर ठेवावा?

कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये, म्हणजेच भानू अथैया, यांना 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. २०१२ साली त्यांनी ती बाहुली अमेरिकेतील अकादमीकडे परत पाठविली, कारण आपल्या पश्चात ती इकडे नीट जपली जाईल असा भरवसा त्यांना वाटत नव्हता. वेशभूषेला ज्यांनी आयुष्य वाहिले त्या बाईंनी आपल्या देशातील जतनाविषयी दिलेला हा अभिप्राय आहे. २०२० साली त्यांचे निधन झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांची चित्रे व वेशभूषेची रेखाटने लिलावात निघाली. त्या लिलावाला दोष देता येणार नाही. जेथे संग्रहालय पुढे येत नाही तेथे बाजार पुढे येतो.

कायदा या बाबतीत किती उपयोगी आहे? १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधीविषयक कायद्यानुसार सर्वसाधारण वस्तू पुरावस्तू ठरण्यासाठी शंभर वर्षे जुनी असावी लागते. १९६० साली शिवलेला तमाशातला अंगरखा २०६० साली पुरावस्तू होईल. तोवर तो राहील का, हा प्रश्न कायद्याला पडलेला नाही. प्रतिमुद्राधिकार कायद्यात १९९४ साली घातलेल्या ५३ अ या कलमाने चित्र, शिल्प वा मूळ हस्तलिखित पुन्हा विकले गेल्यास निर्मात्याला किंवा त्याच्या वारसांना वाटा मागता येतो, आणि तो दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. रंगमंचीय वेष किंवा वाद्य त्यात येत नाही. म्हणजे उद्या एखाद्या फडमालकाच्या विधवेने अडचणीपायी चार हजारांना दिलेला कंबरपट्टा कोणी चार लाखांना विकला, तर त्या बाईच्या हाती काहीच येणार नाही.

२०२५ साली राज्य शासनाने रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि ती मुंबईला आणली. हे योग्यच झाले. परंतु जे परदेशी गेले ते लिलावात चढ्या बोलीने परत आणण्यापेक्षा, जे घरात आहे ते जाऊ न देणे केव्हाही स्वस्त. आज बोहारणीच्या भावात जे मिळू शकते तेच उद्या लिलावगृहाच्या भावात घ्यावे लागेल, हा साधा हिशेब आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. पोटाला नाही तेथे संग्रहालय कसले? वृद्ध कलावंतांना राज्य शासन मानधन देते. २०२४ साली ते सरसकट दरमहा ५ हजार रुपये करण्यात आले. फ्रेडीच्या एका झग्याच्या किमतीत अशा हजारावर कलावंतांचे वर्षभराचे मानधन भागेल. हा हिशेब मांडला की संग्रहालयाची भाषा चैनीची वाटू लागते. पण मानधन आणि जतन यांत निवड करावयाची नाही. वापरातल्या वस्तूला मोल आहे हे मान्य झाले तर ते मोल त्या कुटुंबाची मत्ता होते. न झाले तर ती रद्दी असते. गरिबाजवळची मत्ता ओळखण्याचे नाकारणे ही गरिबीवर उपाय करण्याची रीत नव्हे.

दुसरा आक्षेप खुद्द लिलावाविषयी. फ्रेडीच्या वस्तू जगभर विखुरल्या गेल्या याचे त्याच्या सहकाऱ्यांनाही दुःख झाले. ब्रायन मे यांनी ते जाहीरपणे बोलून दाखविले. विक्रीपूर्वी महिनाभर त्या वस्तू लंडनमध्ये विनामूल्य पाहावयास ठेवल्या होत्या आणि सुमारे १ लाख ४० हजार लोकांनी त्या पाहिल्या. त्यानंतर त्या पुन्हा एकत्र दिसण्याचा संभव नाही. एकाच्या तिजोरीत गेलेली वस्तू सुरक्षित असते, पण ती समाजाची राहत नाही. म्हणून आपण सदबीकडून लिलाव शिकावयाचा नाही; लिलावापूर्वीची तीस वर्षे शिकावयाची आहेत.

काय करता येईल?

यासाठी शासनाच्या मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. पुण्यात दिनकर केळकर यांनी चष्म्याचे दुकान सांभाळून अडकित्ते, दिवे, वाद्ये, दौती अशा, लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू गोळा केल्या आणि त्यांतून वीस हजारांच्या घरात वस्तू असलेले संग्रहालय उभे राहिले. ते संस्थानिक नव्हते. त्यांनी फक्त वेळेवर मागितले आणि लिहून ठेवले.

आपल्या जिल्ह्यात तालुक्या-तालुक्यांत महाविद्यालये आहेत. आषाढ-श्रावणात तमाशाचे कलावंत घरी असतात आणि महाविद्यालयेही चालू असतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी मराठी, इतिहास आणि अर्थशास्त्राच्या शिक्षकांबरोबर त्यांच्या घरी जावे. नोंदवही साधी असावी: वस्तू कोणती, कोणी वापरली, कोणत्या वगात, सुमारे कोणत्या साली, कोणी शिवली किंवा घडविली, आज कोणाकडे आहे. सोबत एक छायाचित्र आणि त्या कलावंताच्या तोंडून ध्वनिमुद्रित केलेली हकीकत. हल्ली प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात यासाठी लागणारे यंत्र आहेच. डायना मोझलीचे नाव जगाला ठाऊक झाले. आपल्याकडील फडासाठी अंगरखे शिवणाऱ्या शिंप्याचेही नाव कोठे तरी लिहिले जावे.

दुसरे, नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात एक दालन लोककलेसाठी असावे. तेथे वस्तू दान म्हणूनच याव्यात असा आग्रह नको. मालकी कुटुंबाकडे ठेवून वस्तू ठेव म्हणून स्वीकारता येते. विकावयाची झाली तर पहिला हक्क संग्रहालयाचा, एवढी अट पुरे. तिसरे, शासनाने ५३ अ कलमाची व्याप्ती रंगमंचीय वस्तूंपर्यंत वाढविण्याचा विचार करावा. या सर्वांना किती पैसा लागेल? साडेसहा कोटी रुपये सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला साडेपंचेचाळीस लाख रुपये व्याज येते. एका जिल्ह्याच्या अशा दालनाला तितकीही रक्कम लागणार नाही.

मात्र एक पथ्य पाळले पाहिजे. या वस्तूंमागे केवळ टाळ्या नाहीत, अपमान आणि दुःखही आहे. ज्या मुलाबाळांनी शिकून त्या जीवनातून सुटका करून घेतली, त्यांना आईचे घुंगरू प्रदर्शनात नको असतील तर तो त्यांचा अधिकार आहे. नोंदवही घेऊन दारात जाणाऱ्याने नकार ऐकून घेण्याची तयारी ठेवूनच जावे, आणि होकार मिळाला तर त्या घरचा मान राखावा.

येत्या पावसाळ्यात जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाने एका तालुक्यापासून जरी आरंभ केला, तरी पुष्कळ झाले. पन्नास नोंदी झाल्या तर पन्नास वस्तूंना नाव मिळेल, आणि नाव असलेली वस्तू सहसा वजनावर विकली जात नाही. ज्यांच्या आठवणीत या वस्तूंचा इतिहास आहे ती माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. जरवाल्याची भट्टी थांबून राहत नाही. वयही राहत नाही. लंडनच्या झग्यावर आश्चर्य व्यक्त करून झाले असेल, तर आता वही घेऊन संगमनेरची गाडी पकडलेली बरी.